दाराची खाट

१२ जानेवारी

धाकट्या,

मी कुणालाही बोलावलं नाही. एकालाही नाही. गावातून जे आले ते आपल्या पायांनी आले, आपल्या पिशव्या आपणच उचलून आले, आणि पुढे गेले तेही आपल्याच मर्जीने. तू विचारलं नाहीस, ठाऊक आहे. गेल्या तीन वर्षांत 'ताई, जिवंत आहेस का' एवढंसुद्धा तू विचारलेलं नाहीस. पण शेवटचा आलास तेव्हा लॉन्ड्रीच्या दारात उभा राहून, गिऱ्हाइकांच्या देखत, "ताई, तू अख्खं गाव उपसून नेलंस, आणि शेवटी माझा पोरगाही" असं बोलून गेलास. त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. ते हे. फोन तू उचलत नाहीस म्हणून कागद.

आशीर्वाद खाली लिहीन, जागा उरली तर.

आता हे सगळं आजच का आठवलं, तर एक मुलगी येते इथे. कॉलेजची. चष्मा सारखा नाकावरून घसरतो. भूगोल शिकते म्हणाली. मला वाटलं भूगोल म्हणजे नद्या, डोंगर आणि राजधान्या, आपण चौथीत घोकल्या तशा. तर म्हणे माणसं कुठून उठतात आणि कुठे जाऊन बसतात, तोही भूगोलच. त्यासाठी ती घरोघर फिरून विचारते.

"मावशी, तुम्ही इथे का आलात?"

मी म्हटलं, "तू का आलीस?"

"मी प्रश्न विचारायला आले."

"मग मीही काहीतरी विचारायलाच आले असेन. पुढचं विचार, इस्त्री तापलीय."

पण चिवट आहे. गेली नाही. वर खोली आहे ना, ती बघायची म्हणाली. तू कधी वर चढलाच नाहीस, खालूनच ओरडून गेलास, म्हणून तुलाही सांगते. लॉन्ड्रीच्या वर एक लांब खोली आहे. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला खिडकी, मध्ये ओळीने सहा खाटा. गावातून नवा माणूस आला की त्याला दाराची खाट. मग बाकीचे सगळे एक-एक खाट आत सरकतात. सरकत सरकत जो खिडकीशी पोचला, त्याने पुढचा नवा माणूस आला की स्वतःची खोली शोधायची. हा नियम मी केला नाही. कुणीच केला नाही. एका वर्षी असं झालं, दुसऱ्या वर्षीही झालं, तिसऱ्या वर्षी म्हणायला लागले 'नियमच आहे'.

त्या मुलीला काय आनंद झाला! चष्मा पुसला, परत घातला. म्हणाली, "मावशी, एकजण आधी येतो, त्याच्या भरवशावर दुसरा, दुसऱ्याच्या भरवशावर तिसरा. याला आम्ही साखळी स्थलांतर म्हणतो."

मी म्हटलं, "साखळी कुत्र्याला असते. माणसांना ओळख असते."

हसली आणि तेही लिहून घेतलं. मग म्हणाली, माणूस एकदम लांब उडी मारत नाही, पायरी-पायरीने जातो. खेड्यातून छोट्या गावात, तिथून शहरात, तिथून आणखी लांब. तिला तसल्या पायऱ्या माझ्या खाटांत दिसल्या. दिसू देत. पण मी मग खाली येऊन कॉलर दाबता दाबता विचार केला, तर खरंच की. तुझा पोरगा आधी तालुक्याला गिलावा करत होता. मग माझ्याकडे दाराच्या खाटेवर. मग सरकत खिडकीशी. मग समुद्रापलीकडे. त्याला पुढे मी ढकललं नाही रे. त्याच्यामागे एक नवा आला आणि ओळ सरकली.

आता कुणी येत नाही. का, ते त्या मुलीने सांगितलं. अर्ध्या वाटेवरच्या गावात मोठं गोदाम झालंय, माल भरायला माणसं लागतात. मध्येच सोय झाली की लांबचा प्रवास तुटतो म्हणे. आपल्या गावची पोरं तिथेच उतरतात. म्हणून मधला एकजण खोली सोडून गेला, बाकीचे आत सरकले, तेव्हापासून वर्षभर दाराची खाट रिकामी होती.

होती म्हणजे आहे. असू दे.

जागा संपली. आशीर्वाद राहिले.

ताई


२ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र आलं. 'पत्र मिळालं. इकडे सगळे ठीक.' एवढं लिहायला तुला किती दिवस लागले? आणि 'सगळे' म्हणजे कोण? भावजय देवाघरी गेली, पोरगा समुद्रापलीकडे गेला. राहिलात तू आणि तुझा गवंडीकामाचा ओळंबा. तो तरी सरळ लोंबकळतो, तू तेवढंही करत नाहीस.

त्या भूगोलवालीने मला रोग लावलाय. मीही आता ज्याला त्याला विचारत सुटले आहे, बाबा रे, तू घर सोडून का आलास? तिचं म्हणणं, दोन प्रकारची कारणं असतात. मागून ढकलणारी आणि पुढून ओढणारी. ऐकायला सोपं वाटतं. विचारून बघ मग कळेल.

खिडकीशी झोपतो तो वेल्डर. त्याला विचारलं. म्हणाला, "गावात दिवसातून चार वेळा वीज जायची. वेल्डिंग काय काडेपेटीने करू?" मी म्हटलं, म्हणजे ढकललं. तो म्हणाला, "नाही हो आत्याबाई, इथे जहाज दुरुस्तीचं काम होतं, ते करून बघायचं होतं." म्हणजे ओढलं. मग अर्ध्या तासाने परत येऊन म्हणाला, "दोन्ही. पण वीज असती तर मी जहाज बघायला आलो असतो आणि परत गेलो असतो." हे मला फार आवडलं. एवढी वर्षं तो माझ्या डोक्यावर झोपतो, आणि मला हे ठाऊक नव्हतं.

शिंप्याला विचारलं. त्याचं उत्तर तयारच होतं. "सासुरवाडी दोन गल्ल्या पलीकडे होती."

"यात ढकलणारं काय आहे?"

"तुम्ही माझे मेहुणे बघितले नाहीत."

आणि तो एक आहे, आम्ही त्याला सायरन म्हणतो, घोरतो म्हणून. तो सगळ्यांत खरं बोलला. "घरच्यांनीच वर्गणी काढून तिकीट काढून दिलं."

मग ती मुलगी माझ्यामागे लागली. तुमचं कारण? मी म्हटलं, लग्न झालं, नवरा इथे लॉन्ड्रीत होता, आले. तिने लगेच 'विवाह' असं लिहिलं. बायकांचं बहुतेक तेच लिहितात म्हणे. मला राग आला. मी म्हटलं, खोड ते. दोन स्थळं होती. एक तिथलंच, शेजारच्या वाडीतलं, चांगलं खातंपितं. मी हे लांबचं निवडलं, कारण आपल्या शाळेपुढून जो डांबरी रस्ता जायचा, तो कुठे जातो हे मला बघायचं होतं. मास्तरांना विचारलं तर ते म्हणायचे "शहराकडे". शहराच्या पुढे? तर छडी. म्हणून मी नवरा बघितला नाही, त्याचा पत्ता बघितला. नवरा चांगला निघाला हे माझं नशीब.

तिच्या कागदावर याला रकाना नव्हता. शेवटी तिने 'इतर' मध्ये खूण केली. बघ, माझा जन्म गेला 'इतर' मध्ये.

रस्ता कुठे जातो ते सांगते. बंदरावर जातो आणि संपतो. तिथे एक भिंत आहे. बस.

दुकानात मात्र गोंधळ आहे. कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या लावायला नवा माणूस घेतलाय. सगळं डाव्या हाताने करतो, सवय नाही, पिन वाकडी घुसते, चिठ्ठी गळून पडते. परवा हॉटेलच्या मॅनेजरच्या पिशवीतून नर्सबाईचा गणवेश निघाला, आणि नर्सबाई मॅनेजरची विजार घेऊन भांडायला आली. मी त्या माणसाला काही बोलले नाही. का नाही बोलले, ते विचारू नकोस. तसा तू कुठे काय विचारतोस म्हणा.

ताई


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

'तुझ्या खोलीत कोण झोपतं याच्याशी मला देणंघेणं नाही. गेला तो गेला. त्याचं नाव माझ्यापुढे काढू नकोस.'

वाचलं. पण मी कुणाचं नाव काढलं होतं? दोन्ही पत्रांत एक नाव दाखव. तूच काढलंस.

आज मी तुला बाणाची गोष्ट सांगते. ती मुलगी काल मोठा कागद घेऊन आली. नकाशा म्हणाली, पण त्यावर नदी नाही, डोंगर नाही, नुसते बाण. आपल्या गावाकडून माझ्या खोलीकडे जाड बाण. खोलीतून बंदराकडे, समुद्रापलीकडे, मध्यम बाण. गावातून त्या गोदामाकडे नवा बाण, तो आता जाड होत चाललाय. आणि एक अगदी बारीक, केसासारखा, समुद्रापलीकडून उलटा माझ्या खोलीकडे.

मी विचारलं, "हा काय? पेन घसरलं?"

"नाही मावशी. प्रत्येक प्रवाहाला एक उलटा प्रवाह असतोच. जातात त्यांतले काही परततात. कमी असतात, पण असतात. नेहमी असतात."

नेहमी असतात! धाकट्या, मी इतकी वर्षं ती खोली सांभाळते, आणि मला वाटत होतं माणसं एकाच बाजूला सरकतात. मी मुलीला विचारलं, या बारीक बाणात माणसं किती? ती म्हणाली, "तुमच्या खोलीपुरतं म्हणाल तर एक."

तर आहे असा एक. कोण ते मी लिहिणार नाही, माझ्याकडून तसं वचन घेतलंय. पण त्याच्यावरून वर जे रामायण झालं ते सांगायला वचन आड येत नाही.

तो आला तेव्हा खोलीत प्रश्न पडला, याने झोपायचं कुठे? नव्याला दाराची खाट. पण हा नवा नाही. खिडकीपर्यंत पोचून गेलेला माणूस आहे, ज्येष्ठ आहे. परत येणाऱ्याचा नियमच नाही, कारण परत कधी कुणी आलंच नव्हतं.

शिंपी म्हणाला, "दारातून आला ना? मग दाराची खाट."

वेल्डर म्हणाला, "अरे, तो माझ्या आधी खिडकीशी होता. मी सरकतो, त्याला खिडकी द्या."

"तू सरकून कुठे जाणार? खिडकीबाहेर?"

सायरन म्हणाला, "माझ्याशेजारी नको, एवढंच मी सांगतो. त्याच्या भल्यासाठी."

त्यावर ज्याच्यासाठी भांडण चाललं होतं त्याने पिशवी दाराच्या खाटेवर टाकली आणि म्हणाला, "खिडकीशी गेलो की पुढे जावं लागतं. इथेच बरं आहे." आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. शिंप्याने आपलं पांघरूण नेऊन त्याच्या अंगावर टाकलं आणि वर 'मला उकडतंय' अशी थाप मारली.

तिथल्या कामाबद्दल विचारलं तर सांगतो. उंच इमारती, बत्तीस मजल्यांवर फरशा बसवायच्या, एका खोलीत दहा देशांची माणसं, खुणांनी बोलायचं. मी खोदून खोदून विचारते, मला ऐकायला आवडतं. तिथे समुद्र कुठल्या बाजूला? माणसं कामावरून घरी जाताना काय बोलतात? सगळं सांगतो. फक्त का परतलास म्हटलं की उठून जातो.

आणि तुला सांगू? गावाकडे का गेला नाही, असं विचारलं तर उठूनही जात नाही. नुसता बघत बसतो.

तुला देणंघेणं नाही हे वर लिहिलंच आहेस. तर मग हे पत्र फाडून टाक.

ताई


११ मार्च

धाकट्या,

फाडलं नाहीस.

तुझं कार्ड आलं. वर पत्ता, खाली सही, मध्ये एकच ओळ. 'दाराशी वारा लागतो का?'

मी ते कार्ड दुकानात उभ्या उभ्या वाचलं आणि इस्त्री एका शर्टावर तशीच राहिली. शर्ट गेला. त्याची भरपाई तुझ्याकडून घेणार नाही.

तर ऐक. लागतो. दार खाली नीट बसत नाही, फटीतून येतो. शिंप्याने चिंध्यांची वळकटी करून दिली आहे, ती रात्री फटीला लावतात. तेवढ्याने भागतं. तुझ्यासारखा गवंडी असता तर उंबरा नीट केला असता, पण आमच्याकडे जो आहे तो सध्या ते काम करू शकत नाही.

वाचलंस ना? परत वाच.

आता त्या मुलीचं शेवटचं सांगते. मंगळवारी ती त्याच्याशी बोलायला आली. मी मागे वाफेच्या मशीनशी होते. मुद्दाम ऐकत नव्हते, पण मशीन बंद करायला काय लागतं?

ती म्हणाली, "परत यायचं कारण काय लिहू? ढकललं की ओढलं?"

तो म्हणाला, "फरशांचा ढीग घसरला. उजव्या हातावर. तिथल्या डॉक्टरांनी जोडलं, पण अंगठा आणि दोन बोटं मिटत नाहीत. थापी धरता येत नाही. कंपनीने तिकीट दिलं."

तिने लिहून घेतलं. लगेच पुढचं विचारलं नाही, चष्मा पुसत बसली. चांगल्या घरची आहे. मग हळूच म्हणाली, "पण घर तर पुढे आहे. इथेच का थांबलात? निघालेला माणूस आणि त्याचं ठिकाण, यांच्या मध्ये काहीतरी येतं, त्याला आम्ही मधला अडथळा म्हणतो. डोंगर असतो, नदी असते, सरहद्द असते, पैसे नसतात, कागदपत्रं नसतात. तुमचं काय?"

"बाबा," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"बाबांना कुणीही गवंडी भेटला की आधी त्याचे हात उलटेसुलटे करून बघतात. मग 'बस' म्हणतात. मला लहानपणी थापी धरायला त्यांनीच शिकवलं. जाऊ नकोस म्हणत होते, मी गेलो. आता कुठला हात पुढे करू?"

आणि त्या मुलीने लिहिलं. मी नंतर मुद्दाम जाऊन बघितलं. रकान्यात स्वच्छ अक्षरात आहे, 'मधला अडथळा: वडील'.

धाकट्या, तुझं नाव भूगोलात आलं. नदी, डोंगर, सरहद्द, आणि खाली तू. आपल्या घराण्यात आजपर्यंत एवढं मोठं कुणी झालं नव्हतं.

मी नाव लिहिलेलं नाही. पत्र पहिल्यापासून तपासून बघ. मी 'तो' म्हटलंय, 'असा एक' म्हटलंय. वचन शाबूत आहे. तू काय समजायचं ते समज.

आणि एक सांगते, ते थोरली म्हणून. डोंगर असशील तर तिथेच बस. डोंगर चालत नाही, त्याला कुणी नावंही ठेवत नाही. पण तुला दोन पाय आहेत आणि आपल्या शाळेपुढून बस सुटते. तीच, त्याच रस्त्याने. मी तो रस्ता शेवटपर्यंत बघितलाय, त्यात भिण्यासारखं काही नाही.

ताई


२३ मार्च

धाकट्या,

घाईत लिहिते, गणवेशांचा गठ्ठा आलाय.

शनिवारच्या बसने निघतोस हे कळलं. गोदामाच्या गावाला बस बराच वेळ थांबते, तिथे उतरून भटकू नकोस, लोक तिथेच राहून जातात. शेवटच्या थांब्यावर उतर. लॉन्ड्री आहे तिथेच आहे.

येताना काही आणायचं नाही. रडायचं असेल तर बसमध्ये रडून घे, माझ्या दुकानात धुतलेले कपडे असतात. आल्या आल्या हात बघायचे नाहीत. कुणाचेच नाहीत, माझेसुद्धा. आधी 'बस' म्हणायचं. म्हणजे तू पाहुणा, खरं तर आम्ही तुला तसं म्हणायला हवं, पण यावेळी तू म्हण. उलटं झालं तरी चालेल.

तू वचन घेतलंस तसं मी इथे कुणालाही सांगितलेलं नाही की तू येतोस. तिकडे वचन, इकडे वचन, माझी दोन्हीकडून अडचण झाली आहे. ती मुलगी मात्र ओळखून आहे. कालपासून सारखी विचारते, शनिवारी येऊ का? मी म्हटलं, ये, पण कागद आणू नकोस. आणि कुठून कुठे, का, कशासाठी, यांतलं एकही अक्षर काढलंस तर तुझ्या हातात इस्त्री देईन. ती म्हणाली, "मावशी, तुम्हाला स्वतःला जाणून घ्यायचं नाही?" घ्यायचंय. मेल्यावरसुद्धा घ्यायचं असेल. पण सगळंच काही विचारून कळत नाही, थोडं उभं राहून बघावंही लागतं.

आता तुझा प्रश्न. तू चिठ्ठीच्या मागच्या बाजूला, मला दिसू नये इतक्या बारीक अक्षरात लिहिला आहेस, 'ताई, तो माझ्याबरोबर घरी येईल का?'

मी त्याला विचारलं होतं. तुझं नाव न घेता, असंच, शर्टाच्या घड्या घालता घालता. समज, कुणी न्यायला आलं तर जाशील का रे? त्याने उत्तर दिलं. लगेच दिलं, विचारही केला नाही.

मला ते ठाऊक आहे. तुला सांगणार नाही. पुन्हा पत्र टाकलंस तरी सांगणार नाही, फोन केलास तर उचलणार नाही. तू येऊन त्याला विचार.

ताई